हालेचा पाद्री आणि त्याचे हिशेब: मध्य जर्मनीतली भटकंती

भाची लाइपझिगला शिकते, त्यामुळे जर्मनीला जायचं हे ठरलेलंच होतं. बर्लिन नको, म्युनिक नको, हालेला जाऊया असं मी म्हटल्यावर मात्र तिला नवल वाटलं. "मावशी, हालेला कोण जातं?" कारण तंजावरमध्ये होतं. तिथे बृहदीश्वराच्या देवळाजवळ शिवगंगा बागेशेजारी एक जुनं चर्च आहे. आत संगमरवरी शिल्प आहे: मरणशय्येवरच्या एका जर्मन पाद्र्याचा हात हातात घेऊन उभे असलेले आपले सरफोजीराजे भोसले. हा पाद्री, श्वार्त्झ, हालेहून आलेला. आणि हालेला असे पाद्री तयार करणारी जी संस्था होती, ती उभी केली आउगुस्ट हेर्मान फ्रांके नावाच्या माणसाने. मी नोकरीभर धर्मादाय ट्रस्टांचे हिशेब तपासले. हातात दमडी नसताना अनाथालय, शाळा, छापखाना आणि औषधांचा कारखाना काढणारा माणूस म्हटल्यावर त्याची वही बघावीशी वाटणारच.

शुक्रवार: लाइपझिग

मे महिन्याची अखेर होती. ऊन आपल्याकडच्या डिसेंबरसारखं आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड. भाचीने सकाळीच आउगुस्टुसप्लाट्झला नेलं. तिथे विद्यापीठाची काचेची, चर्चसारख्या आकाराची नवी इमारत आहे. मूळचं विद्यापीठ-चर्च १९६८ साली पूर्व जर्मनीच्या सरकारने सुरुंग लावून पाडलं, त्याची आठवण म्हणून हा आकार.

फ्रांके इथे शिकवायचा. जन्म ल्यूबेकचा, १६६३ सालचा. १६८६ मध्ये त्याने आणि त्याच्या एका मित्राने बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून वाचण्याचं मंडळ काढलं. सुरुवातीला ते अभ्यासू लोकांपुरतंच होतं. पण पुढच्याच वर्षी ल्यूनेबुर्गला प्रवचनाची तयारी करताना त्याला जाणवलं, की लोकांना ज्या श्रद्धेबद्दल आपण सांगणार ती आपल्यातच नाही. त्या घालमेलीतून तो बाहेर आला तो वेगळाच माणूस होऊन. परत आल्यावर त्याच्या व्याख्यानांना विद्यार्थीच नाही तर गावातले लोकही गर्दी करू लागले, आणि प्राध्यापक मंडळी बिथरली. व्याख्यानांवर बंदी आली. त्याची बाजू घेतली ती ख्रिस्टियान थोमासिउस नावाच्या कायदेपंडिताने. लॅटिन सोडून जर्मनमध्ये व्याख्यान देणारा हा माणूस, पुढे चेटकिणींवरचे खटले आणि छळ करून घेतलेले कबुलीजबाब यांच्याविरुद्ध लिहिणारा. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटेल.

दुपारी 'लाइपझिगर लेर्शे' खाल्ली. बदाम आणि मार्झिपानची छोटी टार्ट. पूर्वी इथे खरोखरचे चंडोल पक्षी भाजून खायचे. १८७६ मध्ये शिकारीवर बंदी आली आणि हलवायांनी नावाचा पक्षी गोड करून टाकला. शाकाहाऱ्यांनी निर्धास्त खावी, पण अंड्याचं बघा.

तिकिटाबद्दल एवढंच: 'साक्सन टिकेट' हे दिवसभराचं तिकीट साक्सनी, साक्सन-आनहाल्ट आणि थ्युरिंगिया अशा तिन्ही राज्यांत चालतं आणि माणसं वाढतील तसं माणशी स्वस्त पडतं. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर. फक्त साध्या गाड्यांना चालतं, वेगवान आयसीईला नाही.

शनिवार: हाले

लाइपझिगहून हाले लोकलने पाऊण तासाच्या आत. स्टेशनवरून ट्राम थेट फ्रांकेप्लाट्झला जाते. उतरल्यावर पहिल्यांदा दिसतो तो उड्डाणपूल. पूर्व जर्मनीच्या काळात बांधलेला हा रस्ता अनाथालयाच्या अगदी नाकासमोरून जातो, आणि पोस्टकार्डावरचं चित्र बघून आलेल्याचा विरस होतो. मग पुलाच्या पलीकडे ती पिवळसर लांब दर्शनी भिंत आणि माथ्यावर सूर्याकडे झेपावणारे दोन गरुड दिसतात. खाली बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथातलं वचन: परमेश्वराची वाट पाहणाऱ्यांना नवी शक्ती मिळते, ते गरुडासारखे पंखांनी वर जातात.

१६९२ मध्ये फ्रांके इथे आला तेव्हा हे हाले नव्हतंच. ग्लाउखा नावाचं वेशीबाहेरचं गाव होतं. दहा वर्षांपूर्वीच्या प्लेगने अर्धंअधिक रिकामं केलेलं. सुमारे दोनशे घरं आणि त्यांतले ३७ दारूचे गुत्ते. नव्याने निघणाऱ्या हालेच्या विद्यापीठात ग्रीक आणि पौर्वात्य भाषांची प्राध्यापकी त्याला मिळाली होती, पण घर चालायचं ते या गावच्या चर्चच्या पाद्रीपणावर.

दर गुरुवारी भिकारी त्याच्या दारात भाकरीसाठी यायचे. एकदा त्याने सगळ्यांना आत घेतलं आणि मुलांना धर्माचे साधे प्रश्न विचारले. कोणालाच काही येईना. मुलांची फी म्हणून त्याने पालकांना पैसे देऊन पाहिले, ते पैसे भलतीकडेच गेले. मग त्याने दिवाणखान्यात दानपेटी लावली. १६९५ च्या ईस्टरच्या सुमारास कोणीतरी त्यात चार थालर आणि सोळा ग्रोशन (ही तेव्हाची नाणी) टाकले. आपल्या हिशेबात ही काही मोठी रक्कम नाही, पण फ्रांकेने ती हातात घेऊन जाहीर केलं की हे भक्कम भांडवल आहे, यातून काहीतरी ठोस व्हायला हवं, मी गरिबांची शाळा काढतो. दोन थालरची पुस्तकं आणली आणि एका गरीब विद्यार्थ्याला शिकवायला बसवलं. पुस्तकं घेऊन मुलं घरी गेली. बहुतेकांनी ती विकून टाकली आणि परत आलीच नाहीत. फ्रांकेने नवी पुस्तकं आणली, आणि ही मात्र वर्गातच ठेवून घ्यायची असा नियम केला. पहिला अनुभव आणि लगेच पद्धतीत दुरुस्ती. इथेच मला हा माणूस आवडला.

तीन वर्षांनी, जुलै १६९८ मध्ये, या प्रचंड इमारतीचा पाया घातला गेला. पूर्ण पैसा हातात नव्हता. पैसे संपले की प्रार्थना, आणि मग कुठून तरी देणगी येई, असं त्याने स्वतः लिहून छापलं आणि सगळीकडे पाठवलं. आठवड्याच्या मजुरीला पैसे नाहीत, संध्याकाळी पाकीट येतं, असे प्रसंग एकामागून एक. भाविकाला त्यात देवाची करणी दिसते. मला त्यात उत्कृष्ट वार्षिक अहवालही दिसला. इंग्रजी भाषांतर १७०५ मध्ये लंडनला निघालं आणि देणग्या तिकडूनही येऊ लागल्या.

आणि केवळ प्रार्थनेवर संस्था चालत नाही हे त्याला पुरतं माहीत होतं. ब्रांडेनबुर्गच्या राज्यकर्त्याकडून त्याने १६९८ मध्येच सनद मिळवली: करांतून सूट, छापखाना, पुस्तकांचं दुकान आणि औषधालय चालवण्याचा हक्क. देणग्यांवर करसवलत मिळवणाऱ्या आपल्या ८०-जीवाल्या ट्रस्टांनी मत्सर करावा अशी ती सनद. औषधालयात सोन्याचा अर्क म्हणून एक टिंक्चर बनायचं. ते रशिया आणि अमेरिकेपर्यंत विकलं जाई. फॉन कान्श्टाइन नावाच्या उमरावाने १७१० मध्ये इथे बायबलची छापसंस्था काढली. जुळवलेले छपाईचे खिळे मोडायचेच नाहीत, पानं तशीच बांधून ठेवायची आणि लागेल तसं पुन्हा छापायचं, अशी युक्ती. त्यामुळे नवा करार दोन ग्रोशनला मिळू लागला. शिक्षकांचा खर्च तर त्याने जवळजवळ पुसूनच टाकला: विद्यापीठाच्या गरीब विद्यार्थ्यांना फुकट जेवण, बदल्यात त्यांनी रोज काही तास शिकवायचं.

इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर, छपराखाली, नवलाईच्या वस्तूंचं दालन आहे. नुसतं यासाठीसुद्धा हालेला जावं. छताला टांगलेली मगर, तिच्याखाली १८व्या शतकातली मूळ रंगवलेली कपाटं. प्रत्येक कपाटाच्या माथ्यावर आत काय आहे त्याचं चित्र. शिंपल्यांच्या कपाटावर शिंपलेच शिंपले. सुमारे तीन हजार वस्तू. ग्रहगोलांची माणसाहून उंच लाकडी प्रतिकृती आहे, एक कोपर्निकसच्या मताची आणि एक टायको ब्राहेच्या. मुलांनी दोन्ही बघाव्यात म्हणून. तमिळ मुलखातून आलेल्या वस्तूही कपाटांत आहेत, आणि अनोळखी देशात ओळखीचा घाट दिसला की पाय थांबतातच. खाली मुलांसाठी एक खोली आहे, तिचं नाव मगरीवरूनच पडलंय. आमच्या आधी एक शाळकरी सहल आली होती. त्यांच्या बाई "पळू नका" ओरडत होत्या आणि कोणीही ऐकत नव्हतं.

छपरावर एक सज्जा आहे, तिथून पाच मनोऱ्यांचं सगळं शहर दिसतं. आम्ही वर पोचलो आणि गार वारा सुटला, मग चक्क गारा. सज्जाचं दार धरून उभ्या असलेल्या ताई हसत म्हणाल्या, फ्रांकेने पाठवल्या, रिकामं हिंडताय म्हणून.

त्या ताईंशी मग बराच वेळ गप्पा झाल्या. लहानपणी त्या या आवारातल्या शाळेत होत्या. १९४६ मध्ये संस्था बरखास्त करून विद्यापीठात विलीन केली गेली. पुढे छपरं गळत राहिली. त्यांच्या वर्गात पावसाळी दिवशी बादल्या ठेवलेल्या असत आणि पालापाचोळ्याने तुंबलेल्या पन्हाळीत रोपं उगवलेली असत. १९९० नंतर जर्मनी एक झाली तेव्हा यातल्या कित्येक इमारती पडायच्या बेतात होत्या. ग्रंथपाल पाउल राबे यांनी १९९२ पासून कंबर कसली. आजही कुठल्या तरी कोपऱ्यात परांची असतेच, असं त्या म्हणाल्या, तक्रारीने नाही.

गारा थांबल्यावर लिंडेनहोफ या अंगणात उतरलो. एका बाजूला लांबच लांब लाकडी सांगाड्याचं घर. शंभर मीटरांहून मोठं, सहा मजली. त्यात विद्यार्थी राहायचे. अंगणाच्या टोकाला राउख या शिल्पकाराने १८२९ मध्ये केलेला फ्रांकेचा पुतळा, बाजूला दोन मुलं. पुढे ग्रंथालय. १७२८ मध्ये पूर्ण झालेलं, खास पुस्तकांसाठी बांधलेलं. दालनात दोन्ही बाजूंना एकामागे एक उभी लाकडी कपाटं आणि मध्ये मोकळी वाट.

या संस्थेच्या संग्रहात तमिळ ताडपत्रं आहेत. डेन्मार्कच्या राजाला तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीच्या आपल्या वखारीत पाद्री हवे होते. हालेच्या वर्तुळातले त्सिगेनबाल्ग आणि प्ल्यूटशाउ ९ जुलै १७०६ ला तिथे उतरले. त्यांनी तमिळ शिकून घेतली. तमिळ खिळे हालेत पाडून जहाजाने पाठवले गेले. त्सिगेनबाल्गने दक्षिणेतल्या देवदेवतांवर तपशीलवार ग्रंथ लिहून हालेला पाठवला, तेव्हा मात्र फ्रांकेकडून नकार गेला: तुम्हाला तिथली मूर्तिपूजा संपवायला पाठवलंय, युरोपात पसरवायला नाही. तो ग्रंथ छापला गेला दीडशे वर्षांनी, मद्रासला. इथे माझं आणि फ्रांकेचं थोडं बिनसलं.

श्वार्त्झ याच परंपरेतला. हालेत शिकून १७५० मध्ये तरंगंबाडीला आला आणि शेवटपर्यंत परत गेला नाही. तंजावरच्या तुळजाराजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतलेल्या लहानग्या सरफोजींना भाऊबंदकीतून त्याने सांभाळलं. मद्रासला पाठवून शिकवलं. श्वार्त्झ फेब्रुवारी १७९८ मध्ये गेला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. ख्रिस्ती ते झाले नाहीत. पण त्यांनी अन्नछत्रांतून मोफत शाळा काढल्या, छापखाना घातला, त्यात देवनागरी खिळ्यांनी मराठी पुस्तक छापलं, सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं आणि नवलाईच्या वस्तू जमवल्या. हालेचं हे आवार बघितल्यावर त्या यादीकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. शाळा, छापखाना, ग्रंथालय, वस्तूंचं दालन. सरफोजी कधी हालेत आले नव्हते, पण हाले त्यांच्याकडे पोचलं होतं. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी सरफोजींचं नाव कागदावर लिहून घेतलं. वर देवनागरीत मी लिहून दिलं.

रविवार: पुन्हा हाले

रविवारी दुकानं बंद, हे माहीत असूनही दूध आणायचं राहतंच. स्टेशनातली दुकानं उघडी असतात. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीमागे २५ सेंट अनामत असते, बाटली फेकू नका.

चौकातल्या चार मनोऱ्यांच्या चर्चमध्ये ऑर्गन चालू होता. हेंडेल हा संगीतकार हालेचा, १६८५ चा जन्म, आणि तो इथेच ऑर्गन शिकला. त्याच्या तरुणपणी फ्रांके गावाबाहेर अनाथालय बांधत होता. एकाच वेळी, एकाच गावात. आणि फ्रांकेला नाटक, नाच, पत्ते यांचा तिटकारा.

त्याच्या शाळेत खेळाला वेळ नव्हता. मोकळा वेळ म्हणजे सुतारकाम, काच घासणं, बागेतल्या वनस्पती ओळखणं. मूल क्षणभरही नजरेआड होता कामा नये. मुलाचा हट्टी स्वभाव आधी मोडला पाहिजे, असं त्याचं स्पष्ट मत. हे वाचताना मला आपल्याकडची काही वसतिगृहं आठवली, जिथे हिशेब चोख आणि मुलं चिडीचूप. त्याच वेळी गरिबाच्या मुलाला हुशारीवर लॅटिन शाळेत घेणारा, मुलींसाठी उच्च शाळा काढणाराही तोच. तो १७२७ मध्ये गेला तेव्हा सव्वादोन हजारांच्या आसपास मुलं शिकत होती. अनाथ त्यांतले शंभरसव्वाशेच. बाकी शहराची मुलं. नाव अनाथालय, खरं काम शाळांचं.

दुपारी शहर-संग्रहालयात गेलो. ते ख्रिस्टियान वोल्फ या तत्त्वज्ञाच्या घरात आहे. वोल्फने १७२१ मध्ये भाषण केलं, की चिनी लोकांनी ख्रिस्ती धर्माशिवायही चांगली नीती घडवली. फ्रांके आणि त्याचे सहकारी खवळले. तक्रारी राजापर्यंत गेल्या आणि १७२३ मध्ये राजाने फर्मान काढलं: ४८ तासांत प्रांत सोड, नाहीतर फाशी. वोल्फ गेला. १७४० मध्ये नव्या राजाने त्याला सन्मानाने परत बोलावलं, तोवर फ्रांके हयात नव्हता. स्वतःची व्याख्यानं बंद पाडली गेलेल्या माणसाने हे करावं, हे मला अजून पटलेलं नाही. नवरा म्हणाला, संस्था मोठी झाली की हेच होतं. तो सहकारी बँकेत होता, त्यामुळे त्याचं मत थोडं कडू असतं.

जेवायला पांढरा श्पार्गेल, म्हणजे शतावरीच्या कुळातले कोंब. उकडलेल्या बटाट्याबरोबर, वर लोण्याची दाट सॉस. जूनच्या अखेरीपर्यंतच मिळतो. शाकाहारी माणसाला या भागात याहून चांगलं जेवण नाही, फक्त 'शिंकेन (डुकराचं मांस) नको' आधी सांगावं.

सोमवार: दफनभूमी आणि चॉकलेट

सोमवारी संग्रहालयं बंद. म्हणून श्टाटगोट्सआकर या जुन्या दफनभूमीचा दिवस. सोळाव्या शतकातली, चारी बाजूंनी ९४ कमानी असलेली भिंत, मध्ये झाडं. प्रत्येक कमानीत एका घराण्याचं दफनस्थान. फ्रांके इथे आहे आणि थोमासिउसही. लाइपझिगमध्ये एकाने दुसऱ्याची बाजू घेतली, हालेत दोघांचं फाटलं. थोमासिउसला विवेक प्यारा, फ्रांकेला अनुताप. आता एकाच आवारात. झाडांना पाणी घालणाऱ्या आजोबांनी हेंडेलच्या वडिलांची जागाही दाखवली, न विचारता.

परतताना हालोरन चॉकलेट घेतलं. १८०४ पासूनची कंपनी, अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या तपकिरी गोळ्या. कारखान्याच्या दुकानात सुटे मिळतात. गावाकडे वाटायला हेच घ्या, उन्हाळ्यात नको.

मंगळवार: एरफुर्ट आणि गोथा

एरफुर्टच्या ऑगस्टिनियन मठात ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर साधू झाला, १५०५ मध्ये. तिथल्याच चर्चमध्ये फ्रांके १६९० ला पाद्री म्हणून लागला. सभा घेऊ लागला, लोक जमू लागले, आणि दुसऱ्याच वर्षी त्याला शहराबाहेर काढलं. म्हणूनच तो ग्लाउखाला पोचला. वोल्फची गोष्ट ताजी असल्यामुळे इथल्या थंड दगडी ओवरीत मी जरा जास्तच वेळ बसले. मठ शांत आहे, राहायलाही खोल्या मिळतात. घरं बांधलेल्या पुलावर गर्दी फार, सकाळी लवकर जा.

गोथाला डोंगरीवर फ्रीडनश्टाइनचा राजवाडा आहे. एर्न्स्ट 'धार्मिक' या संस्थानिकाने १६४३ पासून बांधलेला. फ्रांकेचे वडील त्याच्या पदरी कायदेतज्ज्ञ म्हणून आले तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता. सातव्या वर्षी वडील गेले. या छोट्या राज्यात १६४२ पासूनच शाळेचे नियम होते: खेड्यातल्या मुलामुलींनी शाळेत यायलाच हवं, पुस्तकी धड्यांबरोबर निसर्ग, मोजमाप, नकाशे शिकायचे. फ्रांकेच्या डोक्यातल्या बऱ्याच कल्पना इथल्याच मातीतल्या असणार, हे राजवाड्यातल्या नवलाईच्या दालनात फिरताना कळत गेलं.

राजवाड्याच्या एका मनोऱ्यात १६८०च्या दशकातलं नाट्यगृह आहे. लाकडी दांडे, दोर, चाकं. तळघरातली यंत्रणा फिरवली की सगळे देखावे एकदम बदलतात. जुलै-ऑगस्टमध्ये इथे अजून प्रयोग होतात, तिकिटं आधीच घ्यावी लागतात. आम्ही रिकाम्या रंगमंचासमोर उभे होतो. दोन्ही बाजूंना एकामागे एक उभे पडदे, मध्ये मोकळी जागा. नवरा म्हणाला, "अगं, हालेचं ग्रंथालय असंच होतं की." खरंच तसं होतं. तिथल्या पुस्तकांच्या कपाटांची मांडणी रंगमंचावरच्या विंगांसारखीच करतात, हे भाचीने फोनवर शोधून सांगितलं. नाटकाच्या नावाने बोटं मोडणाऱ्या माणसाची पुस्तकं विंगांत उभी!

खाली बाजारात बटाट्याचे क्लोस खाल्ले. मोठे गोळे, आत भाजलेल्या पावाचे तुकडे, वर मशरूमची ग्रेव्ही मागून घेतली. एकात पोट भरतं, ताटात दोन येतात. परतीची साधी गाडी संध्याकाळी दर तासाला असते. एरफुर्टला बदलावी लागते आणि तिथे फलाट लांब आहेत, तेव्हा जेवणानंतर दहा मिनिटं जास्तीची ठेवा.